'मेशेस ऑफ द आफ्टरनून' (१९४३) : आवाज बंद करून बघायची १४ मिनिटं

पायरी | रविवार, दुपारी ३.२०

मध्यंतरी तापानं आठवडाभर घरी होते. दुपारी तीनच्या सुमाराला घर अगदी रिकामं होतं. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा फरशीवरून कपाटाकडे सरकत होता, खालच्या मजल्यावर कुणीतरी एक भांडं घासत होतं आणि मला झोप येत होती पण लागत नव्हती. पडल्यापडल्या मला एकदम ही फिल्म आठवली. कॉलेजात असताना पुण्यातल्या एका फिल्म क्लबात बघितली होती. तेव्हा प्रोजेक्टरवाल्यानं दोनदा मधेच बंद पाडली, मागच्या रांगेतले हसले, आणि मीही 'काहीतरी स्वप्नबिप्न आहे' म्हणून विसरून गेले. आता तापात, मोबाइलवर, एकटीनं परत बघितली. मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. तेव्हापासून तिच्याबद्दल लिहायचं मनात आहे.

प्रयोगशील फिल्मकार माया डेरेन आणि तिचा तेव्हाचा नवरा अलेक्झांडर हामिद या दोघांनी मिळून लॉस एंजेलिसमधल्या आपल्या राहत्या घरात ही फिल्म केली. १६ एमएम (सोळा मिलिमीटर रुंदीची, हौशी लोक वापरत ती फिल्म), कृष्णधवल, संवाद नाहीत, मूळ प्रतीत आवाजच नाही. खर्च पावणेतीनशे डॉलरच्या आसपास. स्टुडिओ नाही, नट नाहीत, दिवे लावणारी माणसं नाहीत. बाई म्हणजे माया, पुरुष म्हणजे हामिद. घराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी हॉलिवूडचे सगळे अजस्र स्टुडिओ त्याच वेळी जोरात चालू होते, आणि फिल्मच्या नावाच्या पाटीवर यांनीही 'हॉलिवूड १९४३' असंच लिहिलंय.

फिल्ममध्ये घडतं ते असं. रस्त्यावर एक फूल ठेवलं जातं. एक सावली येऊन ते उचलते. वळणावर पाठमोरं कुणीतरी दिसेनासं होतं. बाई पायऱ्या चढून दार वाजवते, दार बंद. किल्ली काढते, ती हातातून निसटून पायऱ्यांवरून टणटण उड्या मारत खाली जाते, बाई तिच्यामागे. दार उघडल्यावर खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली. टेबलावर पाव, त्यात खोचलेली सुरी, आणि आपण बघत असताना ती सुरी पावातून आपसूक निसटते. जिन्यात टेलिफोन, रिसिव्हर काढून ठेवलेला. वरच्या खोलीत पलंगाशेजारी फोनो चालू, तबकडी नुसतीच फिरतेय. ती फोनो बंद करते, खाली येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. डोळा मिटतो.

इथपर्यंत आपल्याला तिचा चेहरा धड दिसलेलाच नाही. सावली, हात, पाय, एवढंच. हे मला तिसऱ्या खेपेला लक्षात आलं आणि मी मागे जाऊन खात्री केली. एकटं माणूस घरात वावरताना स्वतःला जेवढं दिसतं, तेवढंच ती आपल्याला दाखवते. चेहरा येतो तो झोप लागल्यावर.

मग तेच सगळं पुन्हा घडतं, पण थोडं सरकलेलं. रस्त्यावर आता काळ्या बुरख्यातली एक आकृती फूल घेऊन चाललीय आणि तिच्या तोंडाच्या जागी आरसा आहे. बाई धावते, आकृती चालते, तरी बाई तिला गाठू शकत नाही. सुरी आता जिन्यात आहे. पुढच्या खेपेला पलंगावर आहे. बाई खिडकीतून खाली बघते तर खाली तीच त्या आकृतीमागे धावतेय. तोंडातून किल्ली काढते. शेवटी एकाच टेबलाभोवती तिघी बसतात, तिघीही तीच. एकेक जण किल्ली उचलते आणि तिसरीच्या तळव्यावर किल्लीची सुरी होते.

पुढचं सांगत नाही. ज्यांनी बघितली नाही त्यांनी आधी बघा.

एकच विनंती : पहिल्यांदा बघताना आवाज बंद ठेवा. आज सगळीकडे मिळते त्या प्रतीवर तेइजी इतोचं संगीत आहे. ते १९५९ मध्ये चढवलं गेलं, म्हणजे फिल्मनंतर १६ वर्षांनी. फिल्म झाली तेव्हा इतो आठ वर्षांचा मुलगा होता! पुढे तो मायाचा नवरा झाला. संगीत चांगलं आहे, पण ती तबकडी जेव्हा आवाजाशिवाय फिरते तेव्हा पोटात जे कालवतं ते संगीतासकट होत नाही.

निळीशाई | रविवार, रात्री ९.०५

पायरी, धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. असं काही असतं हे माहीतच नव्हतं. जेवणं आटोपल्यावर लगेच बघितली (आवाज चालूच राहिला, सॉरी).

प्रामाणिकपणे सांगते, कळली नाही. आरसा म्हणजे ती स्वतःच का? फूल म्हणजे प्रेम, किल्ली म्हणजे सुटका, सुरी म्हणजे मरण, असं काही धरायचं का? आणि शेवटी ती खरंच मरते का?

घाटमाथा | रविवार, रात्री ९.४०

शेवट सांगितलात की हो! असो, मी बघितली आहे. सरळसरळ फ्रॉइड आहे. किल्ली, सुरी, जिना. स्वप्नांच्या पुस्तकातली यादीच समोर ठेवलीय. शिवाय तिचे वडील मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यामुळे हे सगळं घरातूनच आलं असणार.

पायरी | रविवार, रात्री १०.१५

घाटमाथा, वडील मानसोपचारतज्ज्ञ होते हे बरोबर. पण या वाचनाला मायाचा स्वतःचा ठाम विरोध होता, सर्रिअलिस्ट (स्वप्नवास्तववादी) म्हणण्यालाही. फिल्मबरोबरच्या टिपणात तिनं लिहिलं होतं की ही एका व्यक्तीच्या आतल्या अनुभवांची गोष्ट आहे. बाहेरच्या कुणाला साक्षीदार म्हणून बघता येईल अशी घटना तिच्यात नाही. साध्याशा प्रसंगाचं मन आतल्याआत काय करून ठेवतं, ते ती दाखवते.

निळीशाई, म्हणून 'अमुक म्हणजे तमुक' अशी जुळवाजुळव केलीत तर फिल्म दोन मिनिटांत संपेल आणि हातात काही उरणार नाही. त्यापेक्षा वस्तूंच्या मागे लागा. सुरी आधी कुठे होती, आता कुठे आहे? पावात होती तेव्हा ती स्वयंपाकघरातली होती. पलंगावर गेली की तीच सुरी बघवत नाही, आणि बदललीय फक्त जागा.

१९५३ मध्ये न्यूयॉर्कला 'सिनेमा १६' या फिल्म क्लबानं कविता आणि चित्रपट यावर चर्चासत्र ठेवलं होतं. मंचावर नाटककार आर्थर मिलर, कवी डिलन थॉमस अशी मंडळी. तिथं मायानं मांडणी केली की गोष्ट आडवी जाते, एका प्रसंगातून दुसऱ्यात, आणि कविता उभी जाते, एकाच क्षणात खोल. थॉमसनं भर सभेत थट्टा केली, मिलरलाही ते पटलं नाही. पण विहीर खणणाऱ्या माणसाला 'तू पुढे का जात नाहीस' असं आपण विचारत नाही. या फिल्ममध्ये ती एकाच दुपारी, एकाच जागी, चार वेळा कुदळ मारते. दर वेळी थोडं अधिक खाली.

सोळाएमएम | सोमवार, सकाळी ७.३०

नमस्कार मंडळी. माझी पंचवीसेक वर्षं कॅमेऱ्यामागे गेली, त्यातली सुरुवातीची १६ एमएमवर. त्यामुळे राहवत नाही.

ही फिल्म बोलेक्सवर झाली. वडील १९४३ मध्ये गेल्यावर मिळालेल्या पैशांतून मायानं हा कॅमेरा जुना विकत घेतला होता. बोलेक्स एच-१६ हा पेयार्ड या स्विस कंपनीचा कॅमेरा. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. बाजूला चावी असते, घड्याळासारखी भरायची. पूर्ण भरली की साधारण अर्धं मिनिट चालतो आणि थांबतो. म्हणजे एक शॉट जास्तीत जास्त अर्ध्या मिनिटाचा. १०० फुटांचं रीळ २४ फ्रेमच्या वेगानं पावणेतीन मिनिटांत संपतं. या दोन गोष्टी डोक्यात ठेवून बघा, फिल्मचा श्वास लगेच कळेल. लांबलचक शॉट घेताच येत नव्हता, म्हणून एकच हालचाल तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडायची, आणि ती जोडणी यांनी फार सुंदर केलीय.

दुसरं म्हणजे, त्या वेळच्या बोलेक्समध्ये शॉट चालू असताना भिंगातून थेट बघता येत नसे. ते रिफ्लेक्स मॉडेल १९५६ चं. तोवर बाजूच्या व्ह्यूफाइंडरमधून अंदाजानं चौकट धरायची. जवळच्या वस्तूला तर डोळा आणि भिंग यांच्यातला फरक मनात धरून कॅमेरा सरकवावा लागे. तो किल्लीचा क्लोजअप, तळव्याचा क्लोजअप आठवा. हामिदचा हात किती सवयीचा होता ते तिथं दिसतं.

एकाच चौकटीत तीच बाई दोनदा कशी, असं घरातल्या मुलांनी विचारलं तर हे सांगा. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवायचा. भिंगापुढे काळा पुठ्ठा लावून अर्धी चौकट झाकायची. माणसाला उघड्या बाजूला बसवून शॉट घ्यायचा. मग फिल्म मोजून तितक्याच फ्रेम मागे घ्यायची, पुठ्ठा दुसऱ्या बाजूला, माणूस दुसऱ्या खुर्चीत, आणि त्याच फिल्मवर पुन्हा शॉट. बोलेक्सला फ्रेम मोजणारा काटा होता आणि फिल्म मागे घ्यायची सोय होती, म्हणून हौशी लोकांना हे जमायचं. या प्रकारात चूक झाली तर ती लॅबमधून फिल्म धुऊन आल्यावरच कळते. आम्ही असा एक शॉट चार वेळा घेतला होता आणि चारही वेळा मधोमध राखाडी रेघ आली होती. ती रेघ अजून डोळ्यांपुढे आहे.

तिसरीघंटा | सोमवार, दुपारी १.१०

वा सोळाएमएम काका, क्या बात है! असे प्रतिसाद वाचायलाच इथे येतो.

मी नाटकवाला, म्हणून माझी नजर तिच्या शरीराकडे गेली. जिन्यातला तो प्रसंग बघा, जिथे जिना हलतोय आणि ती एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळतेय. जिना अर्थातच जागचा हलत नाही. कॅमेरा डावी-उजवीकडे कलतोय आणि ती त्याच्या तालात स्वतःला झोकून देतेय. दोघांचा ताल अर्धा क्षण जरी चुकला असता तरी ते बाळबोध दिसलं असतं. तोल जाण्याचा अभिनय करणं फार अवघड असतं. नवशिका नट आधी पडायचं ठरवतो आणि मग पडतो. हिचं वजन आधी जातं, मन मागून येतं.

याचं कारण मला शोधल्यावर सापडलं. फिल्मच्या आधी ती कॅथरिन डनहम या मोठ्या नृत्यदिग्दर्शिकेकडे सेक्रेटरी होती, तिच्या संचाबरोबर दौऱ्यावर असायची. त्या दौऱ्यातच लॉस एंजेलिसला हामिद भेटला. ती स्वतः तालमीतली नर्तकी नव्हती, पण रोज विंगेत उभं राहून शरीरं बघणाऱ्या माणसाच्या अंगात ते मुरतंच.

आणखी एक. तिनं 'हौशी' या शब्दावर एक लेख लिहिला आहे. इंग्रजीतला तो शब्द मुळात प्रेम करणाऱ्यासाठीचा, तेव्हा तो उणेपणानं का वापरायचा, असं तिचं म्हणणं. हौशी माणसाकडे पैसा नसतो, पण त्याला कुणाचं तिकीट विकायचं नसतं, संवादांनी गोष्ट पुढे ढकलायची नसते, हे त्याचं भांडवल. आमच्या हौशी रंगभूमीवरच्या प्रत्येक पोराला मी हे वाचून दाखवणार आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी शाळेच्या वर्गात बाकं सरकवून करणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

अनुस्वार | सोमवार, संध्याकाळी ६.४५

उत्तम धागा. मला नावाबद्दल बोलायचंय. मराठीत काय म्हणाल? 'दुपारचं जाळं' म्हटलं तर कोळ्याचं जाळं डोळ्यांपुढे येतं. 'दुपारचा गुंता' म्हटलं तर लोकरीची गुंडी. 'दुपारच्या जाळ्या' हे खिडकीचं वाटतं, आणि फिल्ममध्ये खिडकी आहेच म्हणून ते मला त्यातल्या त्यात बरं वाटतं.

दुसरं 'माया'बद्दल. हे तिचं जन्मनाव नव्हे. ती एलिनोरा डेरेन्कोव्स्का, जन्म १९१७, कीव्ह. ज्यूंवरच्या हल्ल्यांना कंटाळून कुटुंब १९२२ मध्ये अमेरिकेत आलं. 'माया' हे नाव तिनं घेतलं १९४३ मध्ये, म्हणजे याच फिल्मच्या वर्षी, आणि सुचवलं हामिदनं. बुद्धाच्या आईचं नाव, आणि आपण ज्याला माया म्हणतो ती. मराठी माणसाला या शब्दाचा एक तिसरा अर्थही ऐकू येतो, आजीची असते ती माया. तो अर्थ त्या दोघांपर्यंत पोचला होता की नाही कोण जाणे, पण नाव ऐकलं की मला आधी तोच आठवतो.

खाडीपलीकडे | सोमवार, रात्री ८.२०

पहिल्यांदाच लिहितोय इथं, सांभाळून घ्या. आमचं घर मासेमारीतलं. अनुस्वार, 'मेश'ला आमच्याकडे रोजच्या वापरातला शब्द आहे : आस. जाळ्याच्या दोन गाठींमधलं भोक म्हणजे आस. कुठल्या माशाला किती आसाचं जाळं हे ठरलेलं. सरकारी नियमांतही आसाचा आकारच दिलेला असतो. आस बारीक तर पिल्लंही अडकतात, आस मोठा तर मासा निसटतो.

फिल्म बघितली. ती बाई प्रत्येक खेपेला सुटेल असं वाटतं आणि पुढच्या भोकात अडकते. आस तेवढाच आहे जेवढी ती आहे.

अनुस्वार | सोमवार, रात्री ८.५०

खाडीपलीकडे, अहो तुम्ही नाव देऊन टाकलंत! आस. आणि प्रमाण मराठीत आस म्हणजे ओढ, वाट बघणं. ती त्या फुलवाल्या आकृतीमागे धावते तीही आसच. 'दुपारची आस'. माझी 'जाळ्या' मी मागे घेतो. लिहीत राहा हो, पुढील लेखनाला शुभेच्छा.

घाटमाथा | मंगळवार, सकाळी ११.००

फ्रॉइडबद्दल मी माघार घेतो. पायरींच्या म्हणण्याप्रमाणे वस्तू बघत बसलो तेव्हा फिल्म जास्त मोठी झाली.

पण आवाज बंद करण्याबद्दल माझा विरोध कायम आहे. संगीत मायाच्या हयातीत, तिच्याच इच्छेनं चढलंय. दुसऱ्या कुणी नंतर चिकटवलेलं नाही. इतो मूळचा टोकियोचा, त्यामुळे त्यात जपानी नाट्यसंगीताची चाल आहे : एक ठोका, मग लांब शांतता, मग दुसरा ठोका. ठोक्यानंतरची शांतता ही नुसत्या शांततेपेक्षा अधिक शांत असते. तबल्यावर सम येऊन गेल्यावर बैठकीत जे होतं ते. आणि मला वाटतं, १६ वर्षांनी मायाला स्वतःलाच त्या दुपारचा आवाज कळला असेल. तो हक्क तिचा होता.

पायरी | मंगळवार, दुपारी २.३०

घाटमाथा, तुमचा मुद्दा मला मान्य करावा लागतोय. 'मूळ फिल्म म्हणजे मूक फिल्म' असं मी धरून चालले होते, तसं नाही. दोन्ही प्रती तिच्याच. तरी पहिल्यांदा आवाजाशिवाय, एवढं मी म्हणेनच. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणता तशी.

चकली | मंगळवार, दुपारी ३.५५

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मला सिनेमातलं काही कळत नाही. पण मी गेली एकोणीस वर्षं दुपारी साडेबारा ते साडेपाच एकटी घरात असते, तेव्हा मला याबद्दल थोडं बोलता येईल.

फोन काढून ठेवलेला आहे ना, तो मला सगळ्यात आधी दिसला. पूर्वी लँडलाइन होता तेव्हा मीही असाच काढून ठेवायचे. कुणाचा नको असायचा म्हणून नाही. वाजला नाही तर 'कुणी केलाच नाही' हे कळू नये म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आणि ती पावातली सुरी. पाव कापता कापता बाई उठून गेलीय. कशासाठी तरी. आपण नाही का, कांदा अर्धा चिरून विळी तशीच ठेवून दाराशी जातो, मग तिथंच रेंगाळतो, परत आल्यावर तो अर्धा कांदा बघून क्षणभर वाटतं की हे दुसऱ्याच कुणाचं चाललं होतं. फिल्ममधली बाई घरात शिरते तेव्हा तिला हेच वाटत असणार. घर तिचंच, पण आत्ताच कुणीतरी उठून गेलंय. ती कुणीतरी तीच.

मला यात भीतीदायक काही वाटलं नाही. ओळखीचं वाटलं.

निळीशाई | मंगळवार, दुपारी ४.१०

चकलीताई... तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

जर्सीकर | बुधवार, सकाळी ६.१५

इकडे रात्र आहे, पण धागा सोडवेना. पायरी, तुम्ही 'दोघांनी मिळून' असं लिहिलंत त्यावर थोडं. हा वाद जुना आहे. स्टॅन ब्रॅकेज हा पुढच्या पिढीतला मोठा प्रयोगशील फिल्मकार, मायाला जवळून ओळखणारा. त्यानं लिहून ठेवलंय की ही फिल्म मुख्यतः हामिदची. हामिद आधीपासून झेक प्रयोगशील सिनेमातला मुरलेला माणूस, १९३० मध्येच प्रागला त्यानं पहिली फिल्म केली होती, आणि मायाची ही पहिलीच. कॅमेऱ्याचं काम त्याचं, हे तर उघड आहे.

पण मला वाटतं, पुढे काय झालं ते बघावं. दुसऱ्याच वर्षी मायानं 'अॅट लँड' केली. समुद्र बाईला वाळूवर आणून टाकतो, ती ओंडक्याला धरून वर चढते आणि थेट मेजवानीच्या लांब टेबलावर निघते. १९४५ मध्ये नर्तक टॅली बीटीबरोबरची फिल्म. तो एका जागी पाय उचलतो आणि दुसऱ्याच जागी टेकवतो. एक पाऊल, दोन जागा. याचं बीज 'मेशेस'मध्येच आहे. ज्यांनी बघितली त्यांना आठवत असेल, हातात सुरी घेऊन झोपलेल्या स्वतःकडे निघालेल्या बाईची पावलं : एक समुद्राकाठच्या वाळूत, एक गवतात, एक फरसबंदीवर, एक गालिच्यावर. खोलीतल्या खोलीतलं चार पावलांचं अंतर. पुढे एका पत्रात तिनं लिहिलं की स्वतःला मारायला माणसाला फार लांबून यावं लागतं, काळाच्या आरंभापासून, पहिला जीव पाण्यातून वर आला तिथून. आणि याच पावलांपाशी तिला वाटलं की या खोलीच्या भिंती पक्क्या आहेत, पण इथं एक दार आहे, ते उघडायलाच हवं. पुढच्या सगळ्या फिल्म त्या दारातून आल्या. हामिदकडून तंत्र आणि चिकाटी शिकले हे तिनं स्वतः मान्य केलंय. पण दार तिला दिसलं.

न्यूयॉर्कला गेलात तर ग्रिनिच व्हिलेजमध्ये मॅकडूगल स्ट्रीटवर जा. तिथल्या प्रोव्हिन्सटाउन प्लेहाउसमध्ये तिनं फेब्रुवारी १९४६ मध्ये स्वतः हॉल भाड्यानं घेऊन आपल्या तीन फिल्म दाखवल्या होत्या. वितरक नव्हताच. पत्रकं स्वतः, पत्रव्यवहार स्वतः, कॉलेजांतून प्रतींबरोबर जाऊन बोलायचंही स्वतः. खेळाला जागा पुरली नाही. प्रेक्षकांत एमोस व्होगेल होता. त्यानं ते बघून पुढच्या वर्षी 'सिनेमा १६' हा फिल्म क्लब काढला, पायरींनी वर उल्लेख केलाय तो. 'अंडरग्राउंड' हा शब्द या प्रकाराला चिकटला तो १९६० च्या आसपास. तोवर माया जवळजवळ संपत आली होती. १९६१ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं गेली. वय ४४. कायम पैशांची चणचण होती, जेवणाची आबाळ. शेवटची वर्षं आठवली की वाईट वाटतं. तिची राख इतोनं फुजी पर्वतावर नेऊन सोडली.

सोळाएमएम | बुधवार, सकाळी ८.००

जर्सीकर, त्या चार पावलांबद्दल अगदी सहमत. तिथं चाल एकच राहते आणि जमीन बदलते. संकलनाच्या वर्गात अख्खा तास यावर घालवावा.

आपल्याकडचं एक सांगून थांबतो. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ ला मुंबईत आपल्या फेलोशिपच्या पैशांतून कलावंतांसाठी एक कार्यशाळा उघडली होती, 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप'. तिथं त्यांनी 'सिझिजी' ही रेषांची अॅनिमेशन फिल्म केली, आणि १६ एमएमवर 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' ही दुसरी. नलिनी मलानींनी तरुणपणी तिथंच काम केलं. 'क्लाउड चेंबर'ची एकच प्रत होती. ती हरवली. २०१६ मध्ये अशीम अहलुवालिया यांनी म्हाताऱ्या पदमसींच्या आठवणीतून ती पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला.

एकच प्रत. मायाच्या फिल्म आज फोनवर बघता येतात, कारण ती बाई प्रती काढत राहिली, पाठवत राहिली, हिशेब ठेवत राहिली. अमेरिकेनं १९९० मध्ये 'मेशेस'ला जपून ठेवायच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घेतलं, पण तोपर्यंत ती जगवली ती तिनं आणि छोट्या-छोट्या क्लबांनी. माझ्या स्वतःच्या दोन फिल्मच्या निगेटिव्ह एका लॅबमध्ये पडून होत्या. लॅब बंद झाली तेव्हा मी वेळेवर गेलो नाही. घरात कुणाची जुनी रिळं डब्यात असतील तर आज उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडायला लागलीय, लगेच स्कॅन करून घ्या.

निळीशाई | शनिवार, संध्याकाळी ५.३०

आज परत बघितली. दुपारी तीन वाजता, पडदे ओढून, आवाज बंद करून, टीव्हीवर. आई शेजारी येऊन बसली, तिला काहीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं पाच मिनिटांत उठेल.

उठली नाही. तबकडी फिरत होती तेव्हा म्हणाली, "आवाज गेलाय का गं?" मी म्हटलं, नाही, असंच आहे. मग गप्प.

शेवटाकडे तो पुरुष येतो, बाईला उठवतो, दोघं वर जायला लागतात. त्याच्याकडे मी आधी लक्षच दिलं नव्हतं, कारण मी सुरीची वाट बघत होते. आई म्हणाली, "बघ, आल्याआल्या त्यानं फोन उचलून जागेवर ठेवला."

पायरी | शनिवार, संध्याकाळी ६.०५

निळीशाई, इतक्या वेळा बघितली आणि हे मला दिसलं नव्हतं. आत्ता पुन्हा लावतेय.

चकली | शनिवार, संध्याकाळी ६.२०

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.